बाविसांपैकी चार

पत्राचा सारांश : सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या 41 वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या घरी विड्या वळतात आणि गल्लीतील महिला बचत गटाच्या सचिव आहेत. पती यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांचा 15 वर्षांचा मुलगा दहावीत असून गणपती मंडळाच्या लेझीम पथकात आहे. या पथकात 22 मुले आहेत. एका रात्री सराव संपून बराच वेळ झाला तरी मुलगा घरी आला नाही, म्हणून त्या त्याला बोलवायला गेल्या, तेव्हा मंडळाच्या पत्र्याच्या शेडमागे चार मुले बसलेली दिसली. मध्ये स्टीलचा तांब्या, त्यावर झाकलेली ताटली, आणि तांब्यात बिअर. ती आणून देणारे त्यांचेच 26 वर्षांचे दीर. ते मंडळाचे खजिनदार आहेत, मुलांना लेझीम तेच शिकवतात आणि मंडळाच्या बैठकीच्या सतरंज्याही तेच आणून अंथरतात. "बाहेर कुठे तरी पिऊन पडण्यापेक्षा माझ्यासमोर घोटभर घेतलेली काय वाईट, वहिनी?" असे ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "एकच घोट घेतला, सगळेच घेतात की." दुसऱ्या दिवसापासून आईने त्याची लेझीम बंद केली. बचत गटातील 14 महिलांनी कोपऱ्यावरचे दारूचे दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा करायचे ठरवले आहे; पण तोच दुकानदार मंडळाला सर्वांत मोठी वर्गणी देत असल्याने मंडळाची पोरे चिडली आहेत. दिरांचे नाव या भगिनींनी अजून कोणालाही, अगदी पतीलाही, सांगितलेले नाही. त्या विचारतात : सह्यांची मोहीम पुढे न्यावी का? दिरांचे नाव घ्यावे का? आणि विड्या वळणाऱ्या बाईच्या तोंडी व्यसनमुक्तीची भाषा शोभते का?

उत्तर :

भगिनी, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या तांब्यावरच्या ताटलीपाशी थांबले. शेडमागे अंधार होता, येणारे-जाणारे कोणी नव्हते, तरीही कोणाला तरी तांब्यावर ताटली ठेवावीशी वाटली. "माझ्यासमोर घेतलेली काय वाईट" असे म्हणणाऱ्या तुमच्या दिरांनाही ही गोष्ट झाकण्यासारखी आहे हे मनातून ठाऊक होते, असाच त्याचा अर्थ मी घेते. त्यांच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी, हे त्या ताटलीने तुम्हाला सांगून ठेवले आहे. त्याकडे मी पुढे येईनच; आधी दुकानाविषयी बोलू, कारण तुमचा सगळा राग सध्या तिथे एकवटला आहे.

ज्या दुकानाविरुद्ध तुम्ही सह्या गोळा करणार आहात, त्या दुकानाने त्या रात्री बहुधा कोणताही नियम मोडला नव्हता. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन यांसाठी किमान वय 21 आणि इतर विदेशी मद्यासाठी 25 आहे. तुमच्या दिरांनी दोन्ही वये ओलांडलेली आहेत. नियम मोडला गेला तो दुकानाच्या पायरीपासून तुमच्या मंडळाच्या शेडपर्यंतच्या पावलांत, म्हणजे बाटली मोठ्या माणसाच्या हातातून मुलांच्या तांब्यात गेली तेव्हा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार 18 वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणे हा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाने मागितली होती, तो घरचाच होता किंवा घोटभरच दिली होती, असल्या सबबी त्या कलमापुढे चालत नाहीत. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. 'मुले बिघडली' असे तुम्ही पत्रात चार ठिकाणी लिहिले आहे आणि 'दिरांनी दिली' असे एकाच ठिकाणी, तेही कंसात. तो कंस काढावा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आता सह्यांची मोहीम. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने आपण ओळखतो ती मतदानाची तरतूद खरी आहे आणि राज्यात अनेक ठिकाणी बायकांनी तिच्या बळावर दुकाने बंद पाडली आहेत. तुमच्या वॉर्डातील एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांनी सह्यांसह मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येते. मात्र दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे त्या दिवशी कारखान्यात विड्या द्यायला गेलेली, माहेरी गेलेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरात बसलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. हे काम 14 जणींच्या उत्साहावर होत नाही. त्याला काही महिने, मतदारयादी घेऊन दारोदार फिरणे आणि मतदानाच्या दिवशी बायकांना घराबाहेर काढणे, एवढे सगळे लागते. त्या दुकानापायी गल्लीतले संसार मोडत असतील, रात्री बायकांना त्या कोपऱ्यावरून जाणे नकोसे होत असेल, तर ही लढाई अवश्य लढा, त्यासाठी ती सर्वथा योग्य आहे. परंतु तुमच्या मुलाच्या तांब्यातील बिअर तिने थांबणार नाही, कारण ज्यांना बाटली विकत घेण्याचा अधिकार आहे ते दुचाकीवरून पुढच्या पेठेत जातील. सह्यांचा कागद फाडू नका, पण तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

पहिल्या क्रमांकावर तुमचे दीर आहेत. त्यांच्या म्हणण्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही, कारण ते एकट्याचे म्हणणे नव्हे. चांगल्या शिकलेल्या घरांतही 'घरात चव दाखवली की बाहेर हपापत नाही' असे मानणारे वडील आणि मामा मला भेटले आहेत. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते. ऑस्ट्रेलियात सुमारे 1,900 शाळकरी मुलांचा सहा वर्षे मागोवा घेऊन नेमका हाच समज तपासला गेला, आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. आईवडिलांनी स्वतःच्या हाताने दारू दिलेल्या मुलांना त्यापासून कोणतेही संरक्षण मिळालेले दिसले नाही. उलट ती मुले पुढे बाहेरूनही दारू मिळवू लागण्याची शक्यता वाढलेली दिसली. कारण समजायला अवघड नाही. मुलगा घोट मोजत नाही, परवानगी मोजतो. शिवाय ज्या वयात मेंदूतील आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग अजून घडत असतो (ही घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते), त्या वयात लागलेली सवय अधिक घट्ट बसते. अमेरिकेत 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेल्याचे आढळले, तर विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. लवकर सुरुवात हेच त्याचे एकमेव कारण असे कोणी म्हणत नाही, घरची परिस्थितीही त्यात येते. पण सुरुवात पाच वर्षे पुढे ढकलणे आपल्या हातात असते, आणि तुमच्या दिरांनी ती ढकलायची सोडून अलीकडे ओढली आहे.

त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला, दिवसाउजेडी, सासूबाई आणि मुलगा घरात नसताना, आणि त्यांनी घेतलेली नसताना. सुरुवात आरोपाने करू नका, पण गुळमुळीतही बोलू नका. असे म्हणता येईल : "भावोजी, तुमच्या शब्दावर ही बावीस पोरं उठतात-बसतात, म्हणून तुमच्याशी बोलतेय. त्या तांब्यावर ताटली तुम्हीच ठेवली होती ना? का ठेवली होती, ते मला सांगा." मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. त्यानंतर दोनच गोष्टी मागा. एक, सरावाच्या जागी, सरावाआधी वा नंतर, ते स्वतः पिणार नाहीत आणि कोणाला देणार नाहीत. दोन, उरलेल्या तिन्ही मुलांच्या घरी तुमच्याबरोबर येऊन ते स्वतः सांगतील. दुसरी मागणी त्यांना जड जाईल, आणि खरे सांगायचे तर ती तुम्हालाही जड जाणार आहे.

कारण इथे मला तुमच्याशी थोडे कठोर व्हावे लागेल. तुम्ही दिरांचे नाव लपवले ते घर मोडू नये म्हणून, हे मी समजू शकते; एका चुलीवर जेवणाऱ्या घरात हा धाक काय असतो हे बाहेरच्याने सांगायची गरज नाही. पण त्या रात्री शेडमागे आणखी तीन घरांची मुले होती. त्या मुलांच्या तिघी आयांपैकी दोघी तुमच्याच बचत गटात आहेत, त्या दुकानाविरुद्ध सही करणार आहेत, आणि आपल्या मुलाला बिअर कोणी दिली हे त्यांना ठाऊक नाही. उद्या ते दुसऱ्या कोणाकडून कळले, तर तुमच्या मोहिमेतील पहिल्या दोन सह्या गळतील आणि त्यांच्यामागे उरलेल्या गळायला वेळ लागणार नाही. त्यांना सांगणे म्हणजे दिरांचे नाव चव्हाट्यावर आणणे नव्हे. तीन उंबरठ्यांवर जाऊन हलक्या आवाजात बोलायचे आहे. त्याआधी पतीला सांगा, पण रागाच्या भरात भावाभावांत हाणामारी होणार नाही अशी वेळ पाहून सांगा. कामाची पाळी संपवून, जेवून, निवांत बसलेला माणूस बरा ऐकतो. कोणत्याही परिस्थितीत गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर मुलांची नावे किंवा छायाचित्रे टाकू नका, दुसऱ्या कोणाला टाकू देऊ नका. दहावीतल्या पोराला 'बेवडा' हे नाव एकदा चिकटले की ते पुसायला त्याला गाव सोडावे लागते.

पोलिसांत जायचे का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, तरी पत्रात तो प्रश्न आहे. पहिल्या चुकीसाठी, दीर ऐकून घ्यायला तयार असतील तर, मी तो रस्ता सुचवणार नाही. पण बोलणे झाल्यावरही त्यांनी पुन्हा दिली, किंवा यात पैशांचा व्यवहार, गांजा, गोळ्या असे काही असल्याचे कळले, तर घरचा म्हणून सोडू नका. तेव्हा 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा 112 वर कळवा. ही मर्यादा पहिल्याच बोलण्यात दिरांच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे पुढे कोणी दगा दिल्याची भाषा करणार नाही.

आता मुलगा. "सगळेच घेतात की" हे त्याचे वाक्य तुम्हाला लागले आहे, पण त्यातच तुमच्या हाती काही आले आहे. पथकात 22 मुले आहेत आणि शेडमागे चार होती. उरलेली अठरा आपापल्या घरी जेवत होती. कुमारवयातील मुले जवळच्या चौघांवरून जगाचा हिशेब करतात आणि आपण सोडून सारे पितात असे त्यांना मनापासून वाटते; खरा आकडा समोर ठेवला की पुष्कळांच्या मनावरचा तो भार उतरतो. त्याला रागावून विचारण्याऐवजी पथकातील मुलांची नावे त्याच्याचकडून मोजून घ्या. नंतर तुमचा नियम एका वाक्यात सांगा : या घरात शिक्षण पुरे होईपर्यंत दारूला हात लावायचा नाही, आणि कधी अडकलास, कोणी गळ घातली, तर कितीही वाजलेले असोत, मला फोन कर, न्यायला मी येईन आणि त्या रात्री एक अक्षर बोलणार नाही. शेवटचा शब्द पाळा. नकार कसा द्यायचा याचा सरावही घरी करून घ्या. "काय बे, घाबरला का?" असे कोणी म्हटले तर पंधरा वर्षांच्या पोराला तत्त्वज्ञान सुचत नाही, "उद्या सकाळी क्लास आहे, माझी आई तोंडाचा वास घेते" एवढे तयार उत्तर त्याच्या खिशात असावे. आईवर बिल फाडायची त्याला मोकळीक द्या.

आणि त्याची लेझीम परत सुरू करा. तुमच्या सगळ्या निर्णयांपैकी हा एकच मला पटला नाही. गणपतीच्या आधी सोलापूरच्या पेठापेठांत रात्री लेझीम घुमते, घामाने निथळेपर्यंत पोरे डाव बसवतात, आणि त्या दीड-दोन तासांत त्यांना दुसरे काही सुचत नाही. बिअर आली ती सरावानंतर, जेव्हा मोठी माणसे निघून गेली होती आणि शेडमागे दिवा नव्हता. तुम्ही त्याच्याकडून सराव काढून घेतलात आणि सरावानंतरचा रिकामा वेळ मात्र त्याच्याकडे शिल्लक ठेवलात. आता तर तो वेळ दोन तासांनी वाढला आहे.

आइसलंड या छोट्या देशाने नेमकी हीच जागा पकडली. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. 2016 पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आले. तिथे भाषणे आणि भीतीदायक चित्रे यांवर भर दिला गेला नाही. मुलांना खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा मिळाला, 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर फिरू नये असा नियम झाला, आणि पालक गटागटाने रात्री वस्तीत फेरी मारू लागले. त्यांच्याइतका पैसा आपल्या महापालिकेकडे नाही आणि त्यांची थंडीही आपल्याकडे नाही, तेव्हा सगळे उचलून आणण्यात अर्थ नाही. परंतु फेरी मारायला पैसा लागत नाही आणि लेझीम आपल्याकडे आधीपासूनच आहे. रोज रात्री दोन पालकांनी, एक बाई आणि एक बाप्या, सराव संपल्यावर शेवटचा मुलगा घरी जाईपर्यंत शेडपाशी बसायचे. सराव साडेनऊला संपवायचा. शेडमागे एक दिवा लावायचा. बचत गटाने त्या वेळी मुलांना चहा आणि मूठभर शेंगा दिल्या, तर गटाच्या हिशेबात महिन्याकाठी किती खर्च पडतो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले काढाल. विसर्जनाची मिरवणूक, 31 डिसेंबर आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा या रात्रींना पालकांची संख्या दुप्पट करा.

दुकानदाराच्या वर्गणीविषयी मंडळातल्या पोरांशी भांडत बसू नका. ती घेऊ नये असेच माझे मत आहे, पण 'घेऊ नका' म्हणताना तेवढी रक्कम कुठून येणार हे सांगता आले पाहिजे. नाहीतर पोरे म्हणतील, बायकांना बोलायला काय जाते. यंदा निदान एवढे करून घ्या, की त्या दुकानाचा फलक मंडपावर आणि मुलांच्या लेझीमच्या टी-शर्टवर लागणार नाही.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण सगळीकडे बिअरच असते असे नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या पदार्थांचे प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, तर प्रौढांत 0.58 टक्के आढळले; मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक असलेला हा एकच नशेचा प्रकार आहे. पंक्चरचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर कारणाशिवाय दप्तरात सापडले, रुमालाला तसा वास आला, तर दुर्लक्ष करू नका. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. टपरी त्या आत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पत्रासह तक्रार करा, एकट्या पालकाच्या तोंडी तक्रारीपेक्षा ती टिकते. झोपेच्या व गुंगीच्या अनेक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देता येत नाहीत, आणि त्यांपैकी काहींची स्वतंत्र नोंदवही औषध दुकानाला ठेवावी लागते. गल्लीतल्या दुकानदाराला चार पालकांनी मिळून सौजन्याने विचारले, तरी पुष्कळ फरक पडतो. हातभट्टीचा प्रश्न असलेल्या गावांना सोलापूर ग्रामीण पोलिसांचे 2021 मधील 'ऑपरेशन परिवर्तन' आठवत असेल. तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने छाप्यांच्या जोडीला समुपदेशन आणि भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरे काम मिळवून देणे, असे दोन्ही हाती घेतले गेले. नुसती भट्टी फोडली की ती आठवड्याभरात पुन्हा लागते, हे पोलिसांनाही माहीत होते.

मूल एकदा चाखून थांबले नसून वरचेवर घेते आहे, शाळा बुडते आहे, घरातून पैसे जात आहेत, झोप आणि भूक बिघडली आहे, असे दिसले तर ते गल्लीच्या समितीचे काम राहत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा 14446 या व्यसनमुक्तीच्या आणि 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकांवर आधी बोला. दोन्ही विनामूल्य आहेत. 'नशा सोडवून देतो' म्हणून डांबून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या बिनपरवाना ठिकाणी मुलाला कधीही टाकू नका.

राहिला विड्यांचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जरा संकोचाने लिहिला आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान-तंबाखू हाताळल्याने तुमच्या छातीत आणि बोटांत काय जाते ते तुम्ही जाणता. त्या धंद्याचा नफा तुमच्याकडे येत नाही, मजुरी तेवढी येते. कोणी हा टोमणा मारलाच तर लाजू नका, आणि मुलापासूनही लपवू नका. त्याला सांगा, की यावर आपले घर चालते आणि म्हणूनच तुझ्या हातात हे येऊ नये असे मला वाटते. तंबाखूचे डबे मात्र मुलाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि पाने कापायला त्याला बसवू नका.

येत्या रविवारी गटाची बैठक आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी दिरांशी आणि पतीशी बोलणे उरका, तिन्ही घरी जाऊन या, आणि बैठकीत सह्यांच्या कागदाआधी शेडपाशी बसायच्या पाळ्यांची यादी घ्या; पहिल्या रात्रीच्या दोन नावांत तुमचे नाव असू द्या. भावोजी आले तर त्यांनाही बसवा. सतरंज्या तसेही तेच आणतात.